दगडावरची हजेरी

काजळपाड्याच्या शाळेत दर शनिवारी इजिप्त शिकवायचे. हे कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं, वेळापत्रकात तर नव्हतंच, आणि साहेब लोकांना कळलं असतं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता. पण कळवणच्या पश्चिमेला, डांबर संपल्यावर आणखी चार किलोमीटर डोंगर चढून शनिवारी सकाळी सकाळी कोण साहेब मरायला येणार? त्यामुळे सावळीराम गुरुजींचं राज्य बिनघोर चाललं होतं.

गुरुजी मूळचे नाशिकजवळच्या मखमलाबादचे, फुलमळ्याच्या घरातले. तीन पिढ्या झेंडू आणि शेवंती लावलेल्या घरात नोकरीला लागलेला हा पहिलाच माणूस, आणि इजिप्तचं खूळ डोक्यात घेतलेलाही पहिलाच. तरुणपणी मेन रोडला जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना एक कव्हर फाटलेलं चित्रांचं पुस्तक सापडलं होतं, तेव्हापासूनचं हे दुखणं. बायको, प्रतिभा, म्हणायची, "आपल्या लग्नाची तारीख विसराल, पण त्या मेलेल्या राजांची नाही." तिचं काही चुकत नव्हतं. आठवडाभर गुरुजी कळवणला भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की फटफटीवरून नाशिकला घरी जायचे. जाण्याआधी दीड तास इजिप्त, हा नेम.

शाळा दोन खोल्यांची, पहिली ते पाचवी, आणि पोरं सगळी मिळून अकरा. गुरुजी फळ्यावर खडूनं पिरॅमिड काढायचे आणि सांगायचे की हा चार हजार वर्षांपेक्षाही जुना आहे, आणि याच्या दोन दगडांच्या फटीत सुरीचं पातं जात नाही. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस मोजणारे हेच लोक. नदीच्या लव्हाळ्यासारख्या गवताचा कागद करणारे हेच.

"गुरुजी, ते दगड कुणी वाहिले?" हे मीनानं विचारलं. मीना मंगळू भोये, चौथीतली, नऊ वर्षांची, दोन वेण्या आणि समोरच्या दोन दातांत ही मोठी फट. वर्गात प्रश्न विचारायचं कंत्राट तिच्याकडेच होतं.

"मजुरांनी. काही लोक म्हणतात गुलामांनी, पण तसं नाही. आपापल्या गावाहून टोळीनं यायचे, काही महिने राबायचे, आणि परत घरी जायचे."

"द्राक्षाला जात्यात तसं."

"तसंच."

"आन् खायाला काय देत?"

"भाकरी, कांदा, आणि धान्याची दारू."

वर्ग खदाखदा हसला. कांदा-भाकर खाऊन आणि दारू पिऊन पिरॅमिड होतो म्हटल्यावर आपल्या पाड्यात आजवर चार-पाच तरी व्हायला हवे होते, असं लखनच्या रोशनीनं सांगितलं. रोशनी ही मीनाची जिवलग. दोघी एकाच बाकावर, एकाच पाटीवर, आणि शिक्षा झाली तर तीही दोघींना मिळून.

त्या दिवशी गुरुजी रंगात आले होते. ते म्हणाले, "इजिप्तचे लोक मरणाला फारसे भ्यायचे नाहीत बरं का. ते भ्यायचे नाव पुसलं जाण्याला. म्हणून नाव दगडात कोरून ठेवायचे. थडग्यावर लिहायचे, 'अरे जाणाऱ्या-येणाऱ्या माणसा, क्षणभर थांब, माझं नाव घे, म्हणजे मला भाकरी पोचेल.' नाव घेतलं की मेलेला माणूस जेवतो, असं ते मानायचे."

मग ज्याला त्याला आपलं नाव त्या लिपीत हवं झालं. मीनाच्या नावात सुरुवातीलाच घुबड आलं, कारण म साठी ते लोक घुबड काढायचे. पोरांनी "अपशकुन, अपशकुन" म्हणून शाळा डोक्यावर घेतली. मीनाला मात्र त्याचं काही वाटलं नाही. तिनं पुढची चित्रं बोट ठेवून विचारून घेतली. ही लव्हाळ्याची दोन पाती, हे शेवटचं गिधाड, आणि ही मधली नागमोडी रेघ?

"ते पाणी. न म्हणजे पाणी."

"माझ्या नावात पाणी हाय," असं ती रोशनीला मोठ्या दिमाखात म्हणाली, आणि तो कागद तिनं घडी घालून दप्तरात ठेवला.

दिवाळी झाली की काजळपाडा रिकामा व्हायचा. भात निघालेला, नागली झोडपून झालेली, हाताला काम नाही. मग माणसं टोळी करून खाली वणी, दिंडोरी, ओझरकडं द्राक्षाच्या बागांवर जायची, ती होळीला परत. बागेत काम करायचं तर कडेवरच्या लेकराला कोण धरणार, म्हणून मोठ्या लेकीलाही न्यायचं. शाळेतली पाच पोरं अशी दरवर्षी जायची.

आणि इथंच गुरुजींचं पाणी मुरत होतं. वरून पत्र आलेलं होतं. रोजची हजेरी दहाच्या खाली राहिली तर ही शाळा बंद करून पोरं खालच्या गावच्या शाळेत पाठवायची. खालचं गाव सहा किलोमीटर, मध्ये नदी, पूल नाही. पोरगे कसेतरी जातील, पण मुलींचं शिक्षण तिथंच संपेल हे गुरुजींना दिसत होतं. रोशनीच्या थोरल्या बहिणीचं, पिंकीचं, पाचवीनंतर खाली जायची वेळ आली तेव्हा तसंच झालं होतं. तेव्हा गेली तीन वर्षं दिवाळी ते होळी गुरुजी त्या पाच पोरांपुढेही हजेरीची रेघ मारत होते. चोरी म्हणाल तर चोरी, पण त्या हजेरीवर येणाऱ्या खिचडीच्या तांदळातला एक दाणाही ते घरी नेत नव्हते. देवासमोर उभं राहून सांगता येईल असं खोटं, अशी त्यांनी आपल्या मनाची समजूत घातली होती.

जायच्या आदल्या दिवशी मीना टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"गुरुजी, आमी उद्या जानार. ओझरकडं. रोहित चालाया लागलाय, त्याच्यामागं मला पळाया लागंल." रोहित तिचा दीड वर्षाचा भाऊ. "माझं नाव वहीतून पुसनार का?"

"नाही गं. कशाला पुसू?"

"रोज घ्याल?"

"रोज घेईन."

तिनं थोडा विचार केला. "मंग माझ्या वाट्याची खिचडी आजीला द्या. नाव घेतलं का भाकर पोचती ना? तशी माझी आजीला पोचू द्या. ती एकलीच हाय मागं."

गुरुजी हसले आणि बरं म्हणाले. पोरीनं इजिप्तचा धडा असा व्यवहारात आणलेला पाहून त्यांना बरंच वाटलं. आपल्या सोयीचंही ते होतंच.

त्या हिवाळ्यात हजेरीला वेगळीच गंमत आली. गुरुजी अकरा नावं पुकारायचे आणि गेलेल्या पाच जणांच्या बदली इथली पोरं ओ द्यायची. मीनाची हजेरी रोशनी द्यायची, तीही मीनाच्या आवाजात, जीभ दातांच्या फटीत दाबून, "हज्जर!" की सगळा वर्ग फुटायचा. दुपारी मीनाची आजी, नवसाबाई, ताटली घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसायची. स्वयंपाकाची कुसाबाई डावभर खिचडी वाढताना चिडवायची, "या, मीनाबाई. पाढे पाठ झाले का?" म्हातारी तोंडाचं बोळकं पसरून हसायची आणि म्हणायची, "बे एके बे." पुढं तिला येत नव्हतं. खाताना मात्र ती पहिला घास हातात धरून कुणाशी तरी दोन शब्द पुटपुटायची, मगच तोंडात घालायची.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी गुरुजींनी आपल्या पोतडीतली सगळ्यात आवडती गोष्ट काढली. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं एक गाव होतं. तिथं एक दगडाची कपची सापडली, तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीची. तिच्यावर काय असेल?

"सोनं," कुणीतरी म्हणालं.

"हजेरी!" गुरुजींनी टेबलावरचं हजेरीपत्रक उचलून दाखवलं. "अगदी हेच. कामगारांची नावं, पुढं तारखा. आणि जो आला नाही त्याच्या तारखेवर लाल शाईनं कारण. एकाला विंचू चावला होता. एकाचे डोळे आले होते. एक जण घरी दारू गाळत होता." हशा झाला. "आणि एकाच्या तारखेवर लिहिलंय, 'आईला कापडात गुंडाळत होता.' म्हणजे त्याची आई गेली होती, तिचं शेवटचं करत होता." गुरुजींनी हजेरीपत्रक खाली ठेवलं. "पिरॅमिड काय, कुणीही डोंगर रचेल. पण एका मजुराची आई कोणत्या दिवशी गेली, हे त्या लोकांनी खरं खरं लिहून ठेवलं. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम हे."

मग रोशनीनं हात वर केला.

"मंग गुरुजी, आपल्या वहीत मीनापुढं का नाय लिवत, रोहितला सांभाळाया गेली म्हणून?"

गुरुजींच्या हातातला खडू तसाच राहिला. रोशनीच्या मनात काही नव्हतं, ती फक्त विचारत होती. "ते दगडावरचं होतं," गुरुजी म्हणाले, "आपलं कागदावरचं आहे. चला, सातचा पाढा." स्वतःचं उत्तर त्यांना स्वतःलाच पटलं नव्हतं, आणि नाशिकच्या वाटेवर वणीपर्यंत ते मनाला कुरतडत राहिलं.

मंगळवारी सकाळी पावणेअकराला गुरुजींनी हजेरी घेतली. मीना मंगळू भोये. हज्जर. रेघ. दुपारी नवसाबाई आली, जेवली, ताटली नळाखाली विसळून गेली. तीनच्या सुमाराला रोशनीचा बाप लखन टेकडीवरून धावत खाली आला. पाड्यात मोबाइलला रेंज फक्त टेकडीवर यायची, आणि तो तिथं जीपचं भाडं ठरवायला गेला होता. त्यानं गुरुजींना खोलीबाहेर बोलावून सांगितलं.

मीना शेततळ्यात बुडाली होती.

गुरुजी लखनच्या जीपमधून ओझरकडं गेले. तिच्या बापानं, मंगळूनं, तिथं जे सांगितलं ते एवढंच, की सकाळी रोहित तहानेनं रडत होता. ड्रममधलं पाणी संपलेलं, आईबाप बागेत घडांना कागद गुंडाळत होते, म्हणून मीना तांब्या घेऊन तळ्यावर गेली. द्राक्षबागेच्या तळ्याला आत सगळीकडून प्लास्टिक अंथरलेलं असतं, ते ओलं झालं की त्याच्यावर मोठा माणूसही उभा राहू शकत नाही. ती घसरली असेल. चढायला बघितलं असेल. प्लास्टिकवर नखांचे ओरखडे होते.

"किती वाजता?" गुरुजींनी विचारलं. का विचारलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"दहा-साडेधा," मंगळू म्हणाला.

पावणेअकराला आपण तिच्यापुढं हजेरीची रेघ मारली, गुरुजींच्या मनात आलं. आयुष्यात इतकं मोडून पडल्यासारखं त्यांना आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला पाड्यावर आणून ओहोळापलीकडच्या माळावर पुरलं. दप्तर टोळीतल्या कुणीतरी बरोबर आणून दिलं होतं. ते नवसाबाईनं छातीशी धरलं ते सोडलंच नाही.

आठव्या दिवशी महेश साहेब आले. हे या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे, वयानं गुरुजींपेक्षा वीस वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हजेरीपत्रक उघडलं.

"गुरुजी, पोलिसांच्या कागदात ही मुलगी त्या दिवशी ओझरच्या बाजूला, आणि तुमच्या वहीत बाकावर. चौकशी लागली तर तुमचं काय होईल माहीत आहे ना? नोकरीची तीन वर्षं राहिलीत तुमची."



साहेबांनी बॅगेतून कोरं पान काढून टेबलावर ठेवलं. "जानेवारीचं पान नवं लिहून काढा. हिला महिनाभर गैरहजर दाखवा. जुनं पान चुलीत जाऊ द्या. उद्या मी वही न्यायला येतो."

"आणि बाकीची चौघं?"

"ती जिवंत आहेत ना? राहू द्या हजर. दहा होतात, शाळाही वाचते."

बोलणं व्यवहाराला धरून होतं. एक पान बदललं की नोकरी, शाळा, रोशनीची पाचवी, सगळं जागच्या जागी राहत होतं. साहेब गेल्यावर गुरुजींनी कोरं पान समोर ओढलं, पट्टी घेतली आणि रेघा आखायला सुरुवात केली. माणूस आहे, मोह कुणाला चुकला?

निम्म्या रेघा झाल्या असतील, तेवढ्यात दारात नवसाबाई येऊन उभी राहिली. आठ दिवसांत ती पहिल्यांदाच शाळेत आली होती. ताटली आणली नव्हती.

"या आजी, बसा."

ती बसली नाही. तिनं जवळ येऊन विचारलं, "गुरुजी, रोशनी सांगती, त्या मंगळवारी मीना हजर हुती. वहीत हाय म्हनती."

गुरुजींनी पट्टी खाली ठेवली.

"माला दाखवा."

त्यांनी पान उलटून दाखवलं. म्हातारीनं बोट पुढं केलं. गुरुजींनी ते धरून त्या चौकटीवर टेकवलं. ती कितीतरी वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"माला ठावं हुतं," ती म्हणाली. "तिकडं तळ्यात तिचा जीव गेला, आन् सुटल्याबरुबर हितं आला. शाळंची लय वढ हुती तिला. येऊन बसली, तुमी नाव घेतलं, तिनं ओ दिली, आन् मंग गेली. तशी रिकामी नाय गेली माझी बाय." तिच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी निवल्यासारखं दिसलं. "रेघ तुमी सोता मारली ना, गुरुजी? तुमी बघितली आसंल तिला."

आता इथं काय बोलावं? हो म्हटलं असतं तर म्हातारीनं उरलेलं आयुष्य त्या रेघेवर काढलं असतं. पण ती रेघ उद्या चुलीत जाणार होती. आणि शनिवारी याच टेबलाशी उभं राहून, खरं लिहिणं हे माणसाचं सगळ्यात मोठं काम, असं पोरांना कोण सांगत होतं? गुरुजींना त्या क्षणी स्वतःची किळस आली.

"आजी," ते म्हणाले, "ती आली नव्हती. दिवाळीपासून एकही दिवस आली नव्हती. मी रोज खोटी रेघ मारत होतो. ओ रोशनी द्यायची. शाळा टिकावी म्हणून केलं. त्या दिवशीही तसंच केलं."

नवसाबाईनं बोट उचललं नाही.

"आली नव्हती?"

"नाही."

"मंग मी त्या दुपारी जेवले ते?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "कुसाबाईनं वाढलं, मीनाबाई जेवा म्हनली. मी रोज पयला घास धरून तिला सांगत हुते, बाय माझे, तू बी जेव तिकडं. त्या दिवशी बी सांगितलं. पोटभर जेवले मी, गुरुजी. ती तिकडं पान्यात, आन् मी तिच्या वाट्याचं पोटभर जेवले?"

गुरुजींनी तिचे पाय धरले. म्हातारीनं पाय मागं घेतले नाहीत आणि त्यांच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. थोड्या वेळानं ती भिंतीला धरत धरत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी सहाही पोरांना टेबलाभोवती बोलावलं. अर्धं आखलेलं पान त्यांच्यादेखत फाडलं आणि जुनं पान उघडून लाल पेन घेतला.

"आजपासून दुसऱ्याची हजेरी कुणी द्यायची नाही," त्यांनी बजावलं. "ज्याची त्यानं द्यायची. आणि मी आजवर लिहिलं ते खोटं होतं. आता आपण खरं लिहू. सांगा, कोण कुठं गेलं?"

पोरांना सगळं ठाऊक होतं. एक बापासोबत वणीकडं, कागदाचे गठ्ठे उचलायला. दोघी बहिणी दिंडोरीला, लहान भावंडांमागं. एक पोरगा बागेत पाखरं हाकायला. गुरुजी त्या त्या रेघेवर बारीक लाल अक्षरात कारण लिहीत गेले. शेवटी मीनाचं नाव आलं. पोरं रोशनीकडं बघायला लागली.

"रोहितला सांभाळाया," रोशनी म्हणाली. गुरुजींनी लिहिलं. मग मंगळवारच्या चौकटीशी आल्यावर तिनंच हळू आवाजात सांगितलं, "त्याला तहान लागली, म्हनून पानी आनाया."

गुरुजींनी तेही तसंच लाल अक्षरात लिहिलं.

महेश साहेब आले, त्यांनी पान पाहिलं आणि खुर्चीत मटकन बसले. "गुरुजी, हे काय करून ठेवलंत?"

"कारणं लिहिली."

"शाळा जाईल ही. जूनमध्ये कुलूप लागेल. तुमची नोकरी गेली तर गेली, या पोरींचं काय?"

"माहीत आहे मला." आणि खरोखरच माहीत होतं. त्यात कसलाही मोठेपणा नव्हता. रोशनी पिंकीसारखी घरी बसेल, शेणगोठा करेल आणि एक दिवस कुणाचं तरी लेकरू सांभाळायला बागेवर जाईल, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. दोन्हींकडून त्यांनीच पोरींचा घात केला होता, आधी खोटं लिहून आणि आता खरं लिहून. साहेब वही काखेत मारून गेले. जाताना त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

त्या दुपारी कुसाबाईनं पहिल्यांदाच सहा पोरांपुरती खिचडी शिजवली. पातेलं इतकं छोटं दिसत होतं, की पोरं त्याच्याकडं बघतच राहिली. पंगत बसणार, तोच पायरीशी नवसाबाई दिसली. आज तिच्या हातात ताटली होती.

कुसाबाईला रडू फुटलं. ती डाव तसाच टाकून आत गेली. गुरुजींनी स्वतः ताटली घेतली.

"माला नको," म्हातारी म्हणाली. "तिची द्या. त्या दिवसाची ऱ्हायली हाय."

गुरुजींनी वाढलं. नवसाबाई ताटली दोन्ही हातांत धरून निघाली. गुरुजी तिच्या मागं, आणि कुणी सांगितलं नसताना रोशनी त्यांच्या मागं. ओहोळ ओलांडून माळावर आले. मातीचा ढिगारा अजून ताजा दिसत होता. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून मंगळूनं वर दगड रचले होते. नवसाबाईनं ताटली दगडाशी ठेवली, कनवटीतून एक घडीचा कागद काढला आणि ताटलीखाली दाबला. दप्तरातला होता तो. घुबडाचं डोकं आणि पाण्याच्या रेघेचं टोक तेवढं बाहेर राहिलं.

"घ्या आता," ती म्हणाली.

"काय, आजी?"

"नाव. जाया आदल्या राती मीनानं माला सांगितलं हुतं. इजिप्ताचं. नाव घेतल्याबिगर पोचत नाय." तिनं पदर डोक्यावर नीट केला. "तुमी वहीतलं घेता तसं घ्या. तिला त्येच वळखू येईल."

एकतीस वर्षं ज्या आवाजात नावं घेतली, त्याच आवाजात गुरुजींनी पुकारलं, "मीना मंगळू भोये."

सवयीनं रोशनीचं तोंड उघडलं. तेवढ्यात तिला सकाळचं आठवलं. दुसऱ्याची हजेरी द्यायची नाही. तिनं दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून धरले.

गुरुजी थांबले. वर्गात थांबायचे तेवढंच थांबले, मग आणखी थोडा वेळ थांबले. माळावर वारा नव्हता, नवसाबाई मान खाली घालून वाट बघत बसली होती.

त्यांनी पुन्हा एकदा नाव घेतलं.